महसूलमंत्र्यांना खुले पत्र : गुंठा म्हणजे आर नव्हे
मा. महसूलमंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

आपण कामात असता हे ठाऊक आहे, म्हणून आधी थोडक्यात विषय सांगतो. माझ्या वारलेल्या वडिलांच्या नावावर आजही ४ गुंठे १० आणे (सोळा आण्यांचा एक गुंठा) जमीन आहे. ती त्यांनी ठेवलेली नाही, विकत घेतलेली नाही, कुणी बक्षीस दिलेली नाही. ती आपल्या खात्याच्या गणितातून उरली आहे. ती दुरुस्त करा म्हणून जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली मी अर्ज केला. महिन्याभरात काम होईल असे मला तोंडावर सांगितले होते. त्याला आता दीड वर्ष झाले. गेल्या मंगळवारी मी अकराव्यांदा कचेरीत गेलो, तेव्हा टेबलामागच्या मुलाने फाइल न उघडताच सांगितले, "काका, गुंठा आणि आर एकच. कशाला हेलपाटे घालता? जुनं सोडा आता."

ते वाक्य ऐकून मी घरी आलो आणि हे पत्र लिहायला बसलो.

गुंठा आणि आर एक नाहीत, साहेब. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा, १०८९ चौरस फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. आर म्हणजे बरोबर १०० चौरस मीटर. एका गुंठ्यामागे फरक सव्वा चौरस मीटरचाही नाही, एक माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा. पण दहा एकरांत ४०० गुंठे असतात. चारशे माणसे मांडी घालून बसली की किती जागा लागते ते डोळ्यांसमोर आणा. ४६९ चौरस मीटर होते. आमच्याकडे तेवढ्या जागेत घर, गोठा आणि कडब्याची गंजी मावते.

वडिलांची जमीन दहा एकर. हयातीतच त्यांनी आम्हा दोघा भावांना बोलावून पाच-पाच एकर वाटून दिली. शेतात उभे राहून, दोघांच्या समोर, बांध घालून. तेव्हा भांडण नव्हते, कुजबुजही नव्हती. मग वाटपाचा कागद झाला. ज्याने लिहिला त्याने पाच एकर म्हणजे २०० गुंठे धरले आणि २०० गुंठे म्हणजे २०० आर. दोघांच्या नावे २ हेक्टर ०० आर चढले. खरे पाहता पाच एकर म्हणजे २ हेक्टर २.३४ आर. फेरफार मंजूर झाला, सही झाली, शिक्का बसला. एकूण ४ हेक्टर ४.६९ आरांतले ४ हेक्टर आम्हाला मिळाले आणि ४.६९ आर वडिलांच्या नावे मागे राहिले. त्यांना जाऊन नऊ वर्षे झाली.

हे ४.६९ आर कागदावर आहेत, पण जमिनीवर ते नेमके कुठे आहेत हे कुणालाच सांगता येत नाही. धाकट्या भावाला कुणीतरी सांगितले की शिल्लक क्षेत्र विहिरीच्या बाजूचे आहे. विहीर माझ्या वाट्यात येते. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका पोस्टाने आली. बावीस पावलांवर त्याचे घर आहे आणि पत्रिका पोस्टाने आली. पाइपलाइनसाठी कर्ज मागायला गेलो तर बँकेने सातबारा पाहून विचारले, हे मयत खातेदार कोण? मी सांगितले, माझे वडील. ते म्हणाले, आधी वारस लावा. वारस लावायला गेलो तर म्हणतात, आधी क्षेत्र दुरुस्त करा. क्षेत्र दुरुस्त करायला गेलो तर म्हणतात, गुंठा आणि आर एकच.

आता कचेरीतल्या त्या मुलाच्या शेवटच्या वाक्याकडे येतो. जुनं सोडा.

आम्ही जुने सोडत नाही, अडाणी लोक गुंठा-एकराला चिकटून बसतात, असे तुमचे अधिकारी सभांतून सांगतात. हा आरोप मला मान्य नाही. या देशात वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे सोळा आणे गेले आणि शंभर नवे पैसे आले. १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने किलो आले आणि १९६२ पर्यंत वजनांत ते सक्तीचे झाले. माझे वडील तेव्हा विशीत होते, चौथी शिकलेले. ऐंशी तोळ्यांच्या शेरावर वाढलेल्या त्या पिढीने चार-पाच वर्षांत किलो उचलला. शेर आता 'शेरास सव्वाशेर' या म्हणीत उरला आहे. तेव्हा कुरकुर झाली असेलच. नव्या पैशांच्या हिशेबात दुकानदार वरचा पैसा खिशात घालतो, अशी तक्रार आजीच्या तोंडून मीही ऐकली आहे. पण लोकांनी ते स्वीकारले.

का स्वीकारले ते सांगतो. सरकारने नवी वजने तागडीत आणून ठेवली. सहा कोनी लोखंडी वजन, खाली शिशाचे बूच आणि त्याच्यावर निरीक्षकाचा शिक्का. काही काळ दोन्ही चालली, मग जुनी बंद झाली. गिऱ्हाइकाला हातात धरून पाहता येत होते की किलो शेरापेक्षा थोडा जड आहे, शेर ९३३ ग्रॅमचा आहे. जमिनीत असे काय केलेत? सातबाऱ्याचा रकाना बदललात, एकर-गुंठ्याच्या जागी हेक्टर-आर छापलेत आणि उठून गेलात. बांधावर कुणी आले नाही. एक आर केवढा असतो ते दहा बाय दहा मीटरची चौकट आखून एकाही गावाला दाखवले नाही. गुंठा आमच्या अंगवळणी आहे, कारण तो जुन्या मोजणीच्या साखळीतून आला आहे. ३३ फुटांची साखळी, तिचे सोळा भाग, म्हणजे सोळा आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, झाला गुंठा. शाळेत न गेलेल्या माणसालाही तो चालून मोजता येतो.

आणि तुम्ही स्वतः काय सोडलेत? कोयनेचे पाणी १०५ टीएमसी सांगता, ते अब्ज घनफूट आहेत. धरणातून विसर्ग सोडता क्युसेकमध्ये, तेही सेकंदाला घनफूट. वाळू-मुरमाचे स्वामित्वधन ब्रासवर घेता, आणि ब्रास म्हणजे १०० घनफूट. सौर पंपाच्या योजनेत तीन, पाच आणि साडेसात एचपी, म्हणजे अश्वशक्ती. तुकडेबंदीवर, म्हणजे जमिनीचे लहान तुकडे पाडायच्या बंदीवर, मंत्री बोलतात ते गुंठ्यांत. २००९ च्या वैध मापन कायद्यात कलम ११ आहे. प्रमाणित मापांखेरीज दुसऱ्या मापात भाव सांगू नये, असे ते म्हणते. किरकोळ विक्रेत्याच्या तागडीला तो कायदा लागतो. ब्रासच्या पावतीला कोण लावणार? तुमच्या सोयीचे तेवढे जुने चालते, आणि आम्ही गुंठा म्हटले की हेकटपणा.

अमेरिकेत १९७५ साली मेट्रिकचा कायदा झाला, लोकांनी तो अंगाला लावून घेतला नाही आणि त्यासाठीचे मंडळ १९८२ मध्ये गुंडाळावे लागले. इंग्लंडमध्ये रस्त्यावरच्या पाट्या अजून मैलांत आहेत. तिथे लोक उघड नाही म्हणाले आणि सरकारने ते ऐकून घेतले. आम्हाला कुणी विचारलेच नव्हते, तरी आम्ही हो म्हटले. आमचा विरोध मीटरला कधीच नव्हता. जुन्या मापातून नव्या मापात जाताना जे सांडते ते प्रत्येक वेळी आमच्याच ताटातून सांडते, त्याला माझा विरोध आहे.

हे फक्त सातबाऱ्यात होते असे नाही. अतिवृष्टी झाली की मदत हेक्टरी जाहीर होते. २०२२ साली ठरलेल्या आपत्ती निकषांत जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये होते, तेही दोन हेक्टरांपर्यंत. टीव्हीवर साडेआठ हजार ऐकले की शहरातल्या माणसाला वाटते, शेतकऱ्याला बरेच मिळाले. एकराला ते ३,४४० होतात. गुंठ्याला ८६ रुपये. तेहतीस फुटांची चौकट, तिच्यातले सोयाबीन सडून काळे पडलेले, शेंगांना कोंब आलेले, आणि त्याचे ८६ रुपये. हा आकडा सभागृहात उभे राहून गुंठ्यात सांगून बघा. बियाण्याची पिशवी आम्ही एकरी मोजतो, मजुरी एकरी देतो, नांगरटीचा ट्रॅक्टर एकरी घेतो. खर्च सगळा एकरात आणि मदत तेवढी हेक्टरात. असे का, याचे उत्तर मला कुणी दिलेले नाही. माझे मत विचाराल तर हेक्टर मोठा दिसतो, म्हणून.

मला मीटर नको असे नाही. माझा नातू मीटरच शिकतो आहे आणि शिकावे. पण आर लोकांच्या अंगवळणी पडेपर्यंत सातबाऱ्यावर आरांच्या शेजारी गुंठे-आणे छापा, संगणकाला ते एका ओळीचे काम आहे. आर म्हणून गुंठे चढवलेली जितकी वाटपे असतील तितकी स्वतःहून शोधा. खातेदाराला अर्ज करायला लावू नका, चूक त्याची नाही. आणि कचेरीत टेबलामागे बसवाल त्या प्रत्येकाला १०१.१७ हा आकडा पाठ असू द्या. दुसरे काही येत नसले तरी चालेल.

वडिलांची मोजायची दोरी अजून माझ्याकडे आहे. काथ्याची, ३३ फूट, सोळा गाठींची, आठव्या गाठीला लाल चिंधी. माझी पुढची तारीख महिनाअखेरची आहे. त्या दिवशी मी दोरी आणि दहा मीटरचा टेप, दोन्ही बरोबर आणणार आहे. कचेरीच्या अंगणात गुंठा आखीन, त्याच्या आत आर आखीन, आणि दोन्हींच्या मधल्या पट्टीत खडू ओढून त्या मुलाला बाहेर बोलावीन. भावालाही निरोप धाडला आहे. तो येईल की नाही माहीत नाही.

आपला,
एक खातेदार
क्षेत्र २ हेक्टर ०० आर, खरे पाहता २ हेक्टर २.३४ आर