काका, गुंडीचा पाय टेकला

ड्रेसरकाका,

साष्टांग नमस्कार.

डोळ्याच्या ऑपरेशननंतर तुम्हाला फोनवर वाचायला बंदी असणार, म्हणून हे पत्र तुमच्या नातीकडे पाठवते आहे. ती वाचून दाखवेल. बाकीच्यांनाही वाचता येईल असं मुद्दाम लिहिलंय. समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "बास ताई, च्या टाका" म्हणून विषय मोडता. इतके महिने मी चहा टाकत राहिले आणि बोलायचं ते राहूनच गेलं.

आपली कुत्री गुंडी या श्रावणात एक वर्षाची झाली.

गेल्या श्रावणात तिची आई पिवळी आमच्या जिन्याखाली व्याली. चार पिल्लं. वाईत तेव्हा पावसाची झड लागलेली, कृष्णेचं पाणी चढलेलं, त्यामुळे तिला तिथून हलवायचं कुणाच्या मनात आलं नाही. मी गोणपाट टाकलं आणि शिवणाच्या मशीनवर बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर तीन पिल्लं आईला लुचताहेत आणि चौथं मुठीएवढं, बाजूला पडून किंकाळ्या मारतंय. उचललं तेव्हा दिसलं, डाव्या पुढच्या पायाचा पंजा मनगटातून पार आत वळलेला. झाकलेल्या मुठीसारखा.

मी तिला कापडात गुंडाळून एका दवाखान्यात नेलं. त्यांनी टेबलावर ठेवून लांबूनच पाहिलं. जन्मतःच असं आहे, जगलं तरी फरपटणार, इंजेक्शन देऊन मोकळं करू, म्हणाले. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण त्यांनी त्या पायाला हात लावला नाही, हे मी आजही विसरलेले नाही. मी "विचार करून सांगते" म्हणून घरी आले आणि कपाच्या काठावर ड्रॉपर टेकवून गाईचं दूध पाजत बसले. तेवढ्यात तुम्ही सुनेचे ब्लाउज न्यायला आलात.

तुम्ही ब्लाउज बाजूला ठेवलेत. आधी तिला माझ्या मांडीवर पालथी केलीत. "ताई, माणसाच्या लेकरावानी उताणं पाजू नका, दूध फुप्फुसात जातं." मग विचारलंत, "काल चीक पोटात गेलाय का?" पहिल्या दिवशी तिला लुचताना मी पाहिलं होतं, तसं सांगितलं. तेव्हा कुठे तुम्ही पाय हातात घेतलात. अंगठा मनगटावर, दोन बोटं पंज्याखाली, आणि इतक्या सावकाश सरळ केलात की ती झोपेतून हललीसुद्धा नाही. पूर्ण नाही, पण अर्ध्याच्या वर तो सरळ झाला. "हाड वाकडं न्हाय. शिरा आखडल्यात. पोटात जागा कमी पडली आसंल."

मग तुम्ही वासरांचं सांगितलंत. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं व्रणोपचारक, म्हणजे मलमपट्टी करणारे ड्रेसर, म्हणून काढलेली. कितीतरी वासरं खुरं आत दुमडून जन्मायची, आणि तुम्ही पीव्हीसीचा पाइप उभा चिरून, आत कापूस घालून पाय बांधायचात. "गाईचं वासरू काय नि कुत्र्याचं पिल्लू काय, शीर शीरच." मला वाटलं, आता ही नक्की बरी होणार, आणि मी तसं बोलून दाखवलं. तुम्ही मान हलवलीत. "बरी हुईल आसं म्या म्हणलो न्हाय. कोशिश करू म्हणलो."

तुमच्या या वाक्याचे आभार मला सगळ्यात आधी मानायचे आहेत. तुम्ही खोटी आशा दिली नाहीत, त्यामुळे पुढे जे काही घडलं ते सोसायचं बळ मला मिळालं.

सुरुवात पायापासून नाही, पोटापासून केलीत. पिल्लं दूध पिताना पुढच्या पायांनी आईचं अंग दाबतात, तेव्हा पान्हा सुटतो. हिचा एक पाय ते काम करत नव्हता, आणि भावंडं तिला ढकलून देत होती. आईपासून तोडू नका, असं तुम्ही बजावलंत. गाईचं दूध पातळ पडतं, कुत्रीच्या दुधात त्याच्या दुपटीहून जास्त स्निग्धांश असतो, हेही तेव्हाच समजलं. मग दर दोन तासांनी तिन्ही दांडगी पिल्लं टोपलीत काढायची आणि हिला एकटीला मागच्या आचळांना लावायचं. पोट भरलं की ओल्या कोमट कापसाने पुसून शू करवायची, नाहीतर आपसूक व्हायची नाही. उबेला गरम पाण्याची बाटली, फडक्यात गुंडाळून. इतकी लहान पिल्लं स्वतःचं अंग गरम राखू शकत नाहीत. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब, मग दूध, हा क्रम तुम्ही माझ्याकडून तीनदा वदवून घेतलात.

रोज सकाळी समोरच्या किराणा दुकानातल्या काट्यावर वजन. ते मी मापाच्या वहीतच लिहीत गेले. ती वही अजून आहे. एका पानावर कुणाच्या तरी ब्लाउजची छाती, कंबर, बाहीघेर, आणि खाली: 210 ग्रॅम. भावंडं तेव्हा 340 च्या आसपास. दुसऱ्या दिवशी 214. मग 212, त्या रात्री मी झोपले नाही. मग 225, 241. पुढे वजन चढतच गेलं.

पायाचं काम तळहातावर चालायचं. दिवसातून सहा वेळा कोमट फडक्याने शेकायचं, मग सावकाश सरळ करून पंधरा अंक मोजायचे आणि सोडायचं. "दुखलं की ती सांगंल. ती सांगंस्तवर जायाचंच न्हाय." काका, मी वीस वर्षं कापड ताणते आहे. तिरक्या कापडाला किती ओढ द्यायची ते माझ्या बोटांना कळतं. पण जिवंत शिरेला किती ओढ द्यायची ते तुम्ही माझ्या हातावर हात ठेवून शिकवलंत, आणि ते शब्दांत मला आजही नीट सांगता येत नाही.

नवव्या दिवशी तुम्ही पाच एमएलची नवी सिरिंज घेऊन आलात. दांडा काढून टाकलात, नळी उभी चिरलीत, कडा मेणबत्तीवर धरून बोथट केल्यात. आत कापसाचा जाड थर, वरून मऊ पट्टी. मधल्या दोन बोटांची टोकं बाहेर ठेवायची, सूज आली तर तिथे आधी दिसते. सुरुवातीला दिवसाला चार तास. पट्टी घसरायची, म्हणून मी मऊ अस्तराची नळी शिवून तिला वेल्क्रो लावलं. तुम्ही ती उलटीपालटी करून पाहिलीत आणि म्हणालात, "हे माझ्या टायमाला पायजे होतं." मला कुठल्याही गिऱ्हाइकाच्या कौतुकाचं इतकं कधी वाटलं नव्हतं.

बाराव्या दिवशी तिचे डोळे उघडले. बारशाचा दिवस, म्हणून त्याच दिवशी नाव ठेवलं. पोरं लंगडी म्हणून हाका मारायला लागली होती, ते तुम्ही तिथल्या तिथे बंद केलंत. डब्यातल्या काळ्या गुंड्यांसारखे डोळे, म्हणून गुंडी.

सतराव्या दिवशीचंही लिहायला हवं. आदल्या रात्री लग्नाच्या ऑर्डरीमुळे उशीर झाला, मी पट्टी घाईत आवळली आणि ठरल्या वेळी सोडली नाही. सकाळी दोन्ही बोटं सुजून टम्म, निळसर. मी पट्टी काढली आणि हात थरथरत तुम्हाला फोन केला. पावसात सायकलवर आलात. एक अक्षर बोलला नाहीत. अर्धा तास तिचा पंजा तुमच्या तळहातात होता, बोटांचा रंग परत येईपर्यंत. मग म्हणालात, "दोन दीस पट्टी न्हाय. तुमीबी झोपा." माझ्या हातून तिचा पाय जाता जाता राहिला, काका. तुम्ही रागावला असतात तर बहुतेक मी ते काम सोडून दिलं असतं.

पुढे सिरिंज दहाची झाली, मग वीसची. घरभर गोणपाट अंथरलं, कारण गुळगुळीत फरशीवर पाय फाकतात. पाच आठवड्यांनी एका दुपारी पट्टी सोडलेली असताना पिवळी दारात आली, गुंडी तिच्याकडे धावली आणि डावा पंजा जमिनीला टेकला. तळवा खाली, बोटं पुढे. चार पावलं, मग पडली, मग पुन्हा उठली. मी मशीन थांबवून रडले. तुम्ही उंबऱ्यावर बसून फक्त मोजत होतात, किती पावलं ते.

तरीही तुम्ही मला शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात धाडलंतच. "म्या ड्रेसर. हाडाचं डॉक्टरनं सांगायचं." खंबाटकीच्या पलीकडे जायला शेजारचा टेम्पो मिळाला. एक्स-रेमध्ये हाडं सगळी जागेवर, सरळ. मनगट शंभर टक्के उघडणार नाही, हेही तिथे स्पष्ट सांगितलं. तसंच झालं आहे. ती पळते, पायरी चढताना उजवा पाय आधी टाकते, थंडीत सकाळी थोडी लंगडते.

पैसे विचारले तेव्हा तुम्ही म्हणालात, "पिवळीचं ऑपरेशन करून घ्या, हीच माझी फी." मला भीती होती, नेली तर परत आणणार नाहीत. नसबंदी आणि रेबीजची लस झाली की जिथून उचललं तिथेच सोडायचं, असा 2023 चा नियम आहे, हे तुम्हीच समजावलंत. पिवळी कानाला खाच घेऊन परत आली आणि जिन्याखालीच झोपते. गुंडीला तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस दिली, तिचंही ऑपरेशन झालं. तिची तिन्ही भावंडं गावात चांगल्या घरी आहेत. तुमची फी भरली आहे, काका.

त्या पायावर भार कमी पडतो म्हणून त्याची नखं झिजत नाहीत. तुम्ही वैशाखात पुण्याला गेल्यापासून मीच कापते, उजेडासमोर धरून, आतली लाल शीर वाचवून, एका वेळी तांदळाएवढंच. चार नखं जमतात. वरचं अंगठ्याचं नख काळं आहे, त्यातली शीर दिसत नाही, म्हणून त्याचं मी नुसतं टोक कानशीने घासते. गणपतीला वाईला याल तेव्हा ते एकदा बघा.

तुमची,
शिवणवाली ताई