सिम्पसन वाळवंटात सर्वांत मागची गाडी चालवणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

वाळवंटाच्या पूर्वेच्या टोकाला बर्ड्सव्हिल गावात डिझेल भरून आपापल्या वाटेने पांगताना आम्ही तुमचे आभार मानले खरे, पण ते घाईघाईत, आणि तुम्हीही "असू दे, असू दे" म्हणत ते झटकून टाकलेत. म्हणून हे पत्र सवडीने आणि उघड लिहीत आहे. ॲडलेड आणि मेलबर्नमधील आपल्या ओळखीची बरीच मराठी कुटुंबे आता हिवाळ्यात अशा सहलींचे बेत आखू लागली आहेत आणि माझ्याकडे चौकशाही येतात. पण त्या सगळ्या गाडी कोणती घ्यावी, टायर कोणते बसवावेत, फ्रिज किती लिटरचा हवा यांभोवती फिरतात. ताफ्यात सर्वांत मागे कोण राहणार, हे मात्र मला अजून कोणी विचारलेले नाही. ते विचारले जावे, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

निघण्यापूर्वीच्या बैठकीत तुम्ही ती मागची जागा स्वतःहून मागून घेतलीत, तेव्हा आमच्यापैकी काहींना तो तुमचा विनय वाटला, तर काहींना वयोमानाने सावकाश जाण्याची सोय वाटली. त्यामागचा हिशोब आम्हाला वाळूत उतरल्यावरच उमगला. सिम्पसनमध्ये वायव्य-आग्नेय पसरलेली हजाराहून अधिक वाळूची टेकाडे एकामागून एक ओलांडावी लागतात, वाट एका गाडीपुरती असते आणि दोन टेकाडांच्या मध्ये वळायला जागा मिळेलच असे नसते. त्यामुळे मधली एखादी गाडी रुतली तर पुढे गेलेल्याला परत येणे जिकिरीचे होते. मागून येणारा मात्र तिच्यापाशी आपोआप पोहोचतो. म्हणूनच फावडी, वाळूच्या फळ्या, ओढण्याचे पट्टे, जास्तीचे टायर, उपग्रह फोन आणि औषधांची मोठी पेटी हे सारे तुमच्याच गाडीत होते. पुढे जाणाऱ्याने वाट दाखवली, यात शंका नाही. पण आमच्यातला एकही जण मागे राहून गेला नाही, याचे श्रेय तुमच्याकडे जाते.

त्याच बैठकीत ट्रेलरवरून झालेला वादही मला आठवतो. एका कुटुंबाला नवा कॅम्पर ट्रेलर न्यायचा होता आणि तुम्ही स्पष्ट शब्दांत नकार दिलात. तेव्हा तुम्ही फार ताठर वाटलात आणि बैठकीतला चहा सगळ्यांनी न बोलताच प्यायला. वाळवंट ओलांडणाऱ्या फ्रेंच लाइन या वाटेवर टेकाडांच्या चढाला पडलेले ते खोलगट खड्डे आणि उंचवटे पाहिले, त्यांवरून रिकामी गाडीसुद्धा कशी घोड्यासारखी उधळते ते अनुभवले, तेव्हा तुमचे म्हणणे पटले. टायरमध्ये हवा जास्त ठेवून, वेगाच्या जोरावर चढू पाहणाऱ्या आणि मागे वजन ओढणाऱ्या गाड्यांची चाके जागच्या जागी फिरतात, उसळतात आणि वाट कोरत जातात. मग पुढच्या प्रत्येकाला त्याच खड्ड्यांतून चढावे लागते. १९६० च्या दशकात तेलाच्या शोधात आलेल्या फ्रेंच कंपनीने ही वाट सरळ रेषेत पाडली. टेकाडांना वळसा घालण्याचा विचार त्या आखणीत नव्हता आणि त्याची किंमत आजही प्रत्येक गाडीच्या सस्पेन्शनला मोजावी लागते.

हवेच्या बाबतीत तुमचा काटेकोरपणा हा तर स्वतंत्र परिच्छेदाचा विषय आहे. डलहौसीच्या गरम पाण्याच्या झऱ्यात मनसोक्त डुंबून, पुर्नी बोअरची पाणथळ जागा मागे टाकून आम्ही वाळूपाशी पोहोचलो, तेव्हा तुम्ही प्रत्येक गाडीच्या चारही चाकांशी गुडघे टेकून बसलात आणि तो जुना पितळी गेज लावून हवा १८ पौंडांवर आणलीत. प्रत्येक चाकावरच्या पत्र्यावर तुम्ही पांढऱ्या खडूने आकडा लिहिलात, त्याखाली वेळ लिहिलीत, आणि दुपारी ऊन चढल्यावर तेच आकडे पुन्हा तपासून शेजारी नवे लिहिलेत, कारण टायर तापले की हवेचा दाब वाढतो आणि सकाळचा आकडा दुपारी खरा राहत नाही. हवा कमी केली की टायर लांबट पसरतो, गाडीचे वजन अधिक वाळूवर विभागले जाते आणि चाक खणत जाण्याऐवजी वरून चालते, हे तुम्ही मुलांना बोटाने वाळूत रेघा ओढून समजावलेत. त्याच दमात मोठ्यांनाही बजावलेत की अशा टायरवर वेगाने वळण घेतले तर टायरची कड रिममधून निसटेल. एस.टी.च्या कार्यशाळेत तरुणपणी काढलेली वर्षे तुमच्या हातांत अजून आहेत, हे त्या वेळी कळले.

आणि कड निसटलीच. एका तिरक्या उतारावर आमच्यातल्या एका गाडीचे पुढचे डावे चाक रिमवर बसले, तेव्हा पुढच्या गाड्या दोन टेकाडांपलीकडे पोहोचल्या होत्या. तुम्ही आधी गाडीची इतर चाके अडवलीत, जॅकखाली रुंद फळी घातलीत, रिम आणि टायर यांच्या सांध्यातली वाळू रंगाच्या ब्रशने झाडलीत आणि त्यावर साबणाचे पाणी फिरवलेत. मग सामान आवळण्याचा पट्टा टायरच्या घेरावर मधोमध गुंडाळून तो खटखट आवळत नेलात. पट्टा आवळला जाताना टायर मध्ये दबला, त्याच्या दोन्ही कडा बाहेर फुगून रिमला टेकल्या, कंप्रेसरची हवा आत धरली गेली आणि बंदुकीसारखा एक आवाज होऊन कड जागेवर बसली. त्या आवाजाने दचकून मुलांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही मात्र लगेच पट्टा सोडवलात, गेज लावलात आणि खडू मागितलात.

तुम्ही आवाज चढवलात तो साऱ्या प्रवासात एकदाच. एक गाडी माथ्याच्या अलीकडे रुतली होती आणि आपल्यातल्या एका उत्साही मित्राने ओढण्याच्या लवचीक पट्ट्याचा फास दुसऱ्या गाडीच्या मागच्या, ट्रेलर अडकवायच्या लोखंडी गोळ्यात टाकला. तुम्ही धावत येत ओरडलात, आणि तुमचा तो आवाज ऐकून सगळे जागीच थबकले. तो गोळा अशा झटक्यासाठी बनवलेला नसतो. ताणलेल्या पट्ट्यासकट तो तुटून उडाला तर तोफगोळ्यासारखा काच फोडून आत येतो आणि ऑस्ट्रेलियात त्याने माणसे मेलेली आहेत, हे तुम्ही नंतर शांतपणे सांगितलेत. आधी फावड्याने चाकापुढची वाळू काढायची, मग हवा आणखी दोन पौंड कमी करायची, मग फळ्या घालायच्या, आणि हे सारे करूनही गाडी निघाली नाही तरच पट्ट्याला हात लावायचा; तोही चाचणी झालेल्या हुकांना शॅकलने, म्हणजे लोखंडी कडीने, जोडून, मधोमध जाड ओले गोणपाट टाकून आणि सगळ्यांना लांब उभे करून. हा क्रम आता आमच्या गाडीच्या झडपेच्या आतल्या बाजूला चिकटवलेला आहे. त्या मित्रानेच तो टाइप करून सर्वांना पाठवला, हेही तुम्हाला कळवते.

रेडिओवरचा तुमचा आवाज हा या प्रवासाचा माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा आधार होता. मी प्रथमच एकटीने चाक हाती धरून वाळूत उतरले होते. शेजारी सासरे बसले होते आणि माथ्याच्या अलीकडे बॉनेटपुढे नुसते आकाश दिसू लागले की ते वरचे हँडल घट्ट पकडत. अशा वेळी "दुसरा गिअर, पाय हलका, मी मागे आहे" एवढेच शब्द येत. त्यांत शाबासकी नव्हती आणि काळजीचा सूरही नव्हता, म्हणूनच त्यांचा उपयोग झाला. आपसात मराठीत कितीही गप्पा मारा, पण माथा ओलांडण्याआधीची सूचना दहाव्या चॅनेलवर इंग्रजीतच द्यायची, हा तुमचा नियमही रास्त होता. समोरून येणारा कोणी क्वीन्सलँडचा पशुपालक असला तर त्याला आपले "आलो, आलो" काय कळणार? गाडीवर उभारलेल्या झेंड्याचे टोक जमिनीपासून साडेतीन मीटर उंच हवे, हा नियम कागदावर वाचताना हास्यास्पद वाटला होता. पलीकडून एक नारिंगी चिंधी डोलत वर येताना पाहून आम्ही ब्रेक लावला, त्यानंतर कोणी हसले नाही.

संध्याकाळी आम्ही खुर्च्या मांडून बसायचो तेव्हा तुम्ही एका वाकड्या तारेचा आकडा घेऊन एकेका गाडीखाली झोपत होतात. स्पिनिफेक्सचे वाळके, राळयुक्त गवत सायलेन्सरच्या नळीशी अडकून पेट घेते आणि भर वाळवंटात अख्खी गाडी जळून जाते, हे ऐकूनसुद्धा पहिल्या दिवशी आमच्यापैकी कोणी उठले नाही, याचे आता आश्चर्य वाटते. दुसऱ्या संध्याकाळपासून मुले तुमच्या मागे टॉर्च धरून फिरू लागली आणि तिसऱ्या संध्याकाळी त्यांचे आईबापही लाजेखातर खाली वाकले. माझ्या सासऱ्यांचे इन्सुलिन तुम्ही तुमच्या फ्रिजमध्ये ठेवून घेतलेत, कारण आमचा फ्रिज हादऱ्यांनी मधूनच बंद पडत होता. रोज ठरल्या वेळी डबी घेऊन तुम्ही स्वतः आमच्या तंबूशी येत होतात, त्यासाठी आम्हाला कधी आठवण करून द्यावी लागली नाही. तुमचा चहा मात्र अतिगोड असतो, हे त्याच सासऱ्यांनी आवर्जून कळवायला सांगितले आहे.

पोपेल कॉर्नरला, जिथे साउथ ऑस्ट्रेलिया, क्वीन्सलँड आणि नॉर्दर्न टेरिटरी यांच्या हद्दी मिळतात, तिथे सगळे खांबाभोवती फोटो काढत असताना तुम्ही सांगितलेली गोष्ट मला त्या जागेपेक्षा अधिक लक्षात राहिली आहे. ऑगस्टस पोपेल यांनी १८८० साली तिथे खूण रोवली, पण मोजणीची साखळी वापरून वापरून इंचभर वाढलेली निघाली आणि पुढे लॉरेन्स वेल्स यांना ती खूण पूर्वेकडे हलवावी लागली. हे सांगून झाल्यावर तुम्ही सगळ्यांना आपापल्या डिझेलचा हिशोब पुन्हा मांडायला लावलात. पश्चिमेकडचे माउंट डेअर सोडल्यानंतर बर्ड्सव्हिलपर्यंत सुमारे ५०० किलोमीटर कुठेही पंप नाही आणि वाळूत गाडी डांबरी रस्त्यापेक्षा कितीतरी अधिक इंधन पिते. अशा ठिकाणी "अंदाजे पुरेल" हा शब्दप्रयोग तुम्ही चालू दिला नाहीत.

त्याच रात्री शेकोटीपाशी तुम्ही पीटर एन्स यांचे नाव घेतलेत. १९३६ साली टेड कोल्सन यांनी उंटांवरून हे वाळवंट ओलांडले, ते करणारा पहिला गोरा माणूस म्हणून त्यांचे नाव सगळीकडे येते. पण त्यांच्यासोबत अंटाकिरिन्जा या आदिवासी समाजाचे पीटर एन्स होते, हे पुष्कळदा एखाद्या ओळीत उरकले जाते. त्याआधी १८८६ मध्ये डेव्हिड लिंडसे या सर्वेक्षकाला टेकाडांमधल्या मिकिरी, म्हणजे पाण्याच्या विहिरी, दाखवणारा वांगकांगुरू या आदिवासी समाजाचा वाटाड्याच होता आणि त्याचे लोक तर या वाळूत पिढ्यान्पिढ्या राहत आले होते. उंटांचीही तीच कथा. १८६० साली बर्क आणि विल्स या शोधकांच्या मोहिमेसाठी उंट आणि त्यांना हाकणारी माणसे कराचीहून जहाजाने आली आणि तेव्हाचे कराची मुंबई इलाख्यात होते, हे तुमच्याकडून ऐकून आमच्या मुलांना दुसऱ्या दिवशी दिसलेला रानटी उंट एकदम गाववाला वाटू लागला. तुम्ही या माणसांविषयी बोलत होतात तेव्हा स्वतःविषयी बोलत आहोत असे तुमच्या मनातही आले नसेल, पण ऐकणाऱ्यांपैकी दोघी-तिघींच्या मनात ते आले आणि आम्ही एकमेकींकडे पाहिले.

बिग रेडवर, म्हणजे त्या सुमारे ४० मीटर उंच शेवटच्या टेकाडावर, एकूण एक गाडी चढली. तिथल्या आमच्या सगळ्या छायाचित्रांत तुम्ही नाही, कारण एका गाडीला तिसऱ्या प्रयत्नातही चढ जमत नव्हता आणि तुम्ही पायथ्याशी तिची हवा कमी करत बसला होतात.

आता एक कामाचे. सहलीच्या सामाईक हिशोबात प्रत्येकाचा खर्च मांडून झाला आहे, फक्त तुमच्या नावापुढची जागा रिकामी आहे. दुरुस्तीचे सामान, कंप्रेसरचा जळालेला फ्यूज, उपग्रह फोनचे भाडे आणि त्या एका गाडीला तुम्ही दिलेले २० लिटर डिझेल यांचा आकडा कृपया कळवावा. "बघू नंतर" हे उत्तर या वेळी कोणी ऐकून घेणार नाही, असे सर्वांनी मिळून ठरवले आहे. तुमचा पितळी गेज आमच्या टूलबॉक्समध्ये आला आहे. पुढच्या आठवड्यात ॲडलेडला येणाऱ्या एका मैत्रिणीबरोबर तो पाठवते. तोवर त्याची काळजी नसावी.

काकूंना आमचा सर्वांचा नमस्कार सांगावा.

आपली कृतज्ञ,
ताफ्यातील चौथ्या गाडीची चालक