५६ एपीओला येणाऱ्या पत्रांसाठी मास्तरांचे आभार

आदरणीय मास्तर यांस,
सप्रेम सलाम.

तुम्ही नव्वदी ओलांडली आणि अजूनही चष्मा लावून स्वतः वाचता, असं सूनबाईंनी फोनवर सांगितलं. म्हणून हे पत्र तुमच्या नावानं लिहितोय, आणि सगळ्यांनी वाचावं म्हणून उघड्यावर ठेवतोय. १९७१ आणि ७२ साली, पाकिस्तानशी झालेल्या लढाईत आणि नंतरही, आपल्या छोट्याशा पॅरिशमधून (चर्चच्या मंडळीतून) तुम्ही जे केलंत, ते आमच्या वेळी फौजेत असलेल्या पोरांनाच ठाऊक. आम्ही आता मोजकेच उरलोय. तुमचे आभार तुमच्या हयातीत आणि चारचौघांत मानले जावेत, एवढंच मनात आहे.

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर सुरू झालं, तेव्हा माझ्या पुतण्याचा मुलगा सीमेवर होता. त्याचा फोन बंद. त्याची आई मोबाइल हातातून खाली ठेवीना. चर्चच्या युवक मंडळातली पोरं माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाबा, तुमच्या वेळी तर फोनच नव्हते, मग गाव काय करायचं?" मी त्यांना तुमच्या वहीबद्दल सांगायला बसलो तो रात्र झाली.

बाप्तिस्म्याच्या नोंदींसाठी आणलेल्या लांब वह्यांतली ती एक. पट्टीनं आखलेले रकाने. पोराचं नाव, आर्मी नंबर, पलटण, घर कुठं, शेवटचं पत्र कधी आलं, कधी गेलं. आणि एक रकाना असा होता, 'घरी वाचता येणारं कोण'. तो बहुतेकांपुढे कोराच होता. माझ्या नावापुढेही. त्या कोऱ्या रकान्यांचं सगळं काम तुम्ही अंगावर घेतलंत. संध्याकाळी शाळा आणि प्रार्थना आटोपली की कंदील घेऊन एकेका घरी जायचं, आलेलं पत्र वाचून दाखवायचं, आणि तिथंच ओट्यावर बसून उत्तर लिहून घ्यायचं.

फादर केंद्रावरून मोटारसायकलवर यायचे, तेही महिन्यातून एखाददुसऱ्या रविवारी. उरलेले रविवार तुमच्यावर. तेव्हा मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीतून होऊ लागून थोडीच वर्षं झाली होती, आणि श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत आपल्या माणसांची नावं घेता येऊ लागली होती. तुम्ही यादी काढून एकेक नाव मोठ्यानं वाचायचात. वरच्या आळीतली मराठ्यांची पोरं, धनगरवस्तीवरचा एक, बौद्धवाड्यातले दोघे, सगळे त्या यादीत. कुणीतरी तुम्हाला म्हणालं होतं, ही आपल्या मंडळीतली नाहीत. तुम्ही वाद घातला नाहीत, पुढच्या रविवारी ती नावं आधी वाचलीत. मग त्या पोरांच्या आयाही येऊन चर्चच्या दारात उभ्या राहायला लागल्या. नाव झालं की पदर सावरून शेताकडे जायच्या. हे मला माझ्या आईनं सांगितलं, आणि मरेपर्यंत ती ते सांगत राहिली.

आम्ही कुठं आहोत हे कळवायला मनाई होती. पत्ता एकच: नंबर, हुद्दा, नाव, पलटण, द्वारा ५६ एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस). पश्चिमेला राजस्थानच्या वाळूत असो की काश्मीरच्या बर्फात, सगळ्यांना छप्पनच. पूर्वेकडच्यांना ९९. आई तुम्हाला विचारायची, "मास्तर, हे छप्पन कुठं आलं?" तुम्ही तिला सांगितलंत की छप्पन ही टपालाची खूण आहे, ती टाकली की फौजेचं टपालखातं पोराला शोधून काढतं. तेव्हापासून ती तो आकडा जपमाळेसारखा घोकायची.

खरं तर मी तेव्हा बाडमेरच्याही पुढे होतो. मुनाबाव आणि खोखरापारच्या मधल्या रेल्वेच्या रुळांलगत, सिंधच्या वाळूत, गाडी चालवायचं काम. रात्री दिवे न लावता जायचं, दिवसा जाळीखाली गाडी झाकून पडायचं. टपालाची पिशवी आली की आमचा हवालदार नावं पुकारायचा. तुमचं महिन्याचं पत्र सगळ्यांना सारखंच, कार्बन लावून काढलेलं. मला बहुधा शेवटची प्रत यायची, अक्षरं इतकी फिकी की कागद उन्हाकडे तिरपा धरून वाचावा लागे. त्यात गावाची खबर: कुणाचं लग्न ठरलं, कुणाचा बैल मेला, कुणाच्या विहिरीला किती पाणी. कधीकधी सोबत 'निरोप्या'ची दोन पानं घडी घालून ठेवलेली. १९०३ साली केंदळला निघालेलं ते ख्रिस्ती मासिक आमच्या घरी कधी विकत आलं नव्हतं. वाळूत बसून मी ते पहिल्यांदा नीट वाचलं.

पण खरा जीव होता तो पत्राच्या खालच्या बाजूला. तिथं चार-पाच ओळी शाईनं, फक्त माझ्यासाठी, आणि आईच्या तोंडच्या. तुम्ही त्या सुधारल्या नाहीत. "तांबडी शेळी व्याली. दोन करडं. एक तुझ्या नावाचं ठेवलंय, इकणार न्हाई. पायाला भेगा पडल्या असतील तर खोबऱ्याचं तेल लाव." आणि खाली तिचा अंगठा, कडेला शाई थोडी पसरलेली. तुमच्यासारख्या शिकल्या-सवरलेल्या माणसानं ती वाक्यं शुद्ध करून लिहिली असती तर ती माझी आई राहिली नसती. मास्तर, इतक्या वर्षांत मला कितीतरी पत्रं आली, पण माणूस समोर बसून बोलतंय असं फक्त त्या ओळींतूनच वाटलं.

१६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानच्या जनरल नियाझींनी शरणागती पत्करली, दुसऱ्या दिवशी आमच्या बाजूलाही गोळीबार थांबला. गावाला वाटलं, आता पोरं नाताळाला घरी. मास्तरीणबाईंनी आणि बायकांनी आधीच शंकरपाळ्या करून मांजरपाटाच्या पिशव्यांत भरून, दाभणानं शिवून पार्सलं धाडली होती. पत्ता जांभळ्या पेन्सिलीनं, थुंकी लावून, ठसठशीत. माझं पार्सल जानेवारीत मिळालं. शंकरपाळ्यांचा भुगा झाला होता. आम्ही सगळ्यांनी तो ओंजळीनं खाल्ला. आमच्यात एक केरळचा होता आणि एक राजपूत, दोघांनी पिशवी झटकून शेवटचा चुरासुद्धा सोडला नाही. मास्तरीणबाई आज नाहीत. त्यांचेही आभार तुमच्याकडेच पोचवतो.

पूर्वेकडे गेलेला आपला एक जण परत आला नाही, त्याबद्दल लिहायला अजूनही जड जातं. तार इंग्रजीत आली आणि पोस्टमननं ती घरी न देता आधी तुमच्याकडे आणली. तुम्ही ती खिशात घातलीत, फादरांना निरोप धाडलात, आणि ते येईपर्यंत त्याच्या बापाशेजारी शेतात नुसते बसून राहिलात. तेव्हा देह गावी आणायची रीत नव्हती. पेटीशिवाय मिस्सा झाली, अख्खं गाव आलं. पुढच्या महिन्याच्या पत्रात तुम्ही आम्हाला हे सगळं साध्या शब्दांत कळवलंत. शौर्याची भाषा केली नाहीत. त्याच्या आईनं त्या दिवशी काय खाल्लं, कोण तिच्याजवळ झोपायला गेलं, तेवढं लिहिलंत. आम्हाला तेच हवं होतं. त्याचं नाव तुम्ही यादीतून कधी काढलं नाहीत, हे सुट्टीवर आलो तेव्हा माझ्या कानांनी ऐकलं.

लढाई संपली तरी आम्ही तिथंच होतो. जुलै १९७२ मध्ये सिमल्याला करार झाला, आणि घेतलेला मुलूख सोडून मागे यायला डिसेंबर उजाडला. एवढ्या काळात वर्तमानपत्रांतून आम्ही नाहीसे झालो होतो. बाकीच्यांच्या गावाहून येणारी पत्रंही कमी होत गेली, मी डोळ्यांनी पाहत होतो. तुमचं पत्र मात्र चुकलं नाही. आणि तो बहात्तरचा पावसाळा कसा गेला हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. बाजरी उगवलीच नाही. आपल्या डोंगरपट्ट्यात प्यायच्या पाण्याची मारामार. घरोघरी वडीलधारे तुम्हाला म्हणत, पोरांना हे लिहू नका, जिवाला घोर लागेल. तुम्ही लिहिलंत. आमची विहीर आटली, बापानं एक बैल विकला, आई आणि बहीण दुष्काळी कामावर खडी फोडायला जातात, रेशनला मिलो (परदेशातली लाल ज्वारी) मिळतो आणि तो पोटात बसत नाही, हे सगळं मला तुमच्यामुळे वेळेवर कळलं. म्हणून मी मनीऑर्डर वाढवली आणि दुसरा बैल वाचला. लपवलं असतंत तर मी पगार साठवत राहिलो असतो आणि घरी दावण मोकळी झाली असती.

सुट्टीवर आलो तेव्हा आईनं मला दाराशीच थांबवलं आणि आधी तुमच्याकडे धाडलं. तुम्ही वहीत माझ्या नावापुढे तारीख घातलीत, "आला" एवढा शब्द लिहिलात, आणि म्हणालात, बहिणीला अक्षरओळख करून दे, माझ्यावर किती भार टाकाल. माझी बहीण त्या सुट्टीत बाराखडी शिकली, पुढे तिनं प्रौढ बायकांना शिकवलं. आज ती जोडाक्षरांसकट फेसबुकवर लिहिते. हेही तुमच्याच खात्यावर.

तिकिटांचे पैसे कुठून येत होते, ते मला फार उशिरा कळलं. रविवारच्या दानातून थोडे, फादरांकडून थोडे, आणि उरलेले तुमच्या पगारातून. कॅटेकिस्टाचा, म्हणजे चर्चच्या धर्मशिक्षकाचा, पगार तेव्हा काय असायचा ते आपल्याकडच्या सगळ्यांना माहीत आहे. घरात तुमचीही चार लेकरं होती. याबद्दल तुम्ही कधी चकार शब्द काढला नाहीत. आभार म्हणून नुसते शब्द पुरे पडत नाहीत हे मला कळतं, पण दुसरं माझ्याकडे काही नाही.

आता एक विनंती. युवक मंडळाच्या पोरांनी व्हॉट्सॲपवर गट केलाय. गावातले सध्या नोकरीत असलेले सगळे जवान त्यात घेतलेत, सगळ्या आळ्यांतले. फोन बंद असतात तेव्हा करायचं काय, हे त्यांना अजून उमगलेलं नाही. पुढच्या रविवारी मिस्सा झाल्यावर ती पोरं तुमच्याकडे येतील, मीही सोबत असेन. वही अजून असेल तर काढून ठेवा. रकाने कसे आखायचे आणि एखादी आई बोलता बोलता थांबली तर पुढं काय विचारायचं, ते त्यांना सांगा. बसायला सतरंजी आम्ही आणतो, चहाचा घोळ सूनबाईंना घालू देऊ नका.

प्रकृतीला जपा.

आपला आज्ञाधारक,
वहीतल्या पहिल्या पानावरचा एक ड्रायव्हर