तव्यावरचा पिझ्झा

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

सुट्टीत नातवंडं सोलापूरला आली की पिझ्झा मागणारच. त्यासाठी ओव्हन लागत नाही. कालच्या पोळ्या आणि आपला लोखंडी तवा पुरे.

आई, आधी सॉस करून ठेव. 4 पिकलेले टोमॅटो किसून घे, साल हातात राहते ती टाकून दे. 2 चमचे तेलात ठेचलेल्या 5-6 लसूणपाकळ्या जरा परत. लाल होऊ देऊ नकोस, कडवट लागतात. मग टोमॅटो, अर्धा चमचा तिखट, मीठ, चिमूटभर साखर, आणि झाकण न ठेवता आटवायचं. चमचा ओढल्यावर कढईचा तळ दिसला पाहिजे आणि त्या रेघेत पाणी धावून येता कामा नये. इथे घाई झाली की पोळीचा लगदा ठरलेला. ओरेगानो नसला तर ओवा चुरडून घाल. दोघांच्या वासात थायमॉल, कार्व्हाक्रॉल हीच द्रव्यं असतात. पण ओवा अगदी चिमूटभरच, नाहीतर पोरं म्हणतील आजीने पोटदुखीचं औषध दिलं.

पोळी शिळीच घ्या. ताजीत वाफ असते, ती खालून मऊ पडते. फुलका नको, त्याचे पापुद्रे सुटतात. जरा जाडसर घडीची पोळी बरी. मंद आचेवर एक बाजू कडक होईपर्यंत भाजायची, उलटायची, आणि त्या कडक बाजूवर दीड चमचा सॉस, कडेला बोटभर जागा सोडून. त्यावर मूठभर किसलेलं चीज. तार मोझरेलालाच सुटते. क्यूबचं प्रोसेस्ड चीज वितळतं, पण ताणलं जात नाही, शिवाय खारट. ते वापरलंत तर बाबांच्या बीपीसाठी सॉसमध्ये मीठ घालूच नका. कांदा, सिमला मिरची अगदी पातळ चिरायची, टोमॅटोच्या बिया काढायच्या.

खोलगट झाकण ठेवून 4-5 मिनिटं. झाकणाला आतून पाणी धरलं की पुसायचं, आणि शेवटचं मिनिटभर उघडंच ठेवायचं. चीज विरघळायच्या आधीच खालून करपलं तर आच मोठी होती, किंवा चीज फ्रिजमधून काढून थेट घातलं. अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा.

खरी मजा कडक भाकरीवर. ती बाजारातून आणाल तेव्हा सपाट बघून आणा, वाकडी असली की मधला भाग तव्याला टेकत नाही. तिला भाजायचं काम नाही, नुसती गरम करायची. ज्वारीत ग्लूटेन नाही, त्यामुळे ओल लागली की भाकरी लगेच भुगा होते. म्हणून उलटा क्रम: आधी चीजचा पातळ थर, तो वितळला की वर सॉसचे ठिपके. शेंगाचटणी उतरवल्यावरच भुरभुरवायची, झाकणाखाली ती ओलसर होते. सुरी लावू नका, हाताने मोडा आणि लगेच खा. बाबा, कवळीचा विचार करता तुम्ही पोळीचाच घ्या.

सॉस फ्रिजमध्ये 4 दिवस टिकतो, मुलं यायच्या आदल्या दिवशी केलास तरी चालेल. मोझरेला मी त्यांच्याबरोबर पाठवत नाही, एसटीत खराब होईल. तिथेच घ्या, 200 ग्रॅमचं पाकीट 5-6 पोळ्यांना पुरतं.

तुमची लेक