गाडीतला आवाज सुधारायचाय? आधी खोक्यावरचे वॉट विसरा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात गाड्यांबद्दल नेहमी छापून येतं, मायलेज किती, स्क्रीन किती इंची, एअरबॅग किती, सगळं असतं, पण आवाजाचा विषय आला की "सहा स्पीकर" नाहीतर "आठ स्पीकर" एवढ्यावर काम भागतं. स्पीकर मोजून आवाज कळत नाही हो. मग होतं काय, नवीन गाडी घेतलेला माणूस, हप्त्यांनी आधीच वाकलेला, गाणं लावतो, जरा व्हॉल्युम वाढवला की आवाज फाटतो, दाराचं पॅनल खरखरायला लागतं, आणि कोणाच्या तरी सांगण्यावरून तो मागच्या ट्रेवर दोन मोठे अंडाकृती स्पीकर बसवून येतो, खोक्यावर ५०० वॉट लिहिलेले. आवाज मोठा होतो, चांगला होत नाही. मी हे स्वतःच्या आणि मित्रमंडळींच्या गाड्यांची दारं उघडून बसवून बघितलंय, माझा हा धंदा नाही, नाद आहे, त्यामुळे पत्र लांबणार, कापायचं असेल तर खुशाल कापा.

आधी वॉटचं बघू, कारण सगळी फसवणूक तिथूनच सुरू होते. कंपनीच्या स्टिरिओच्या आत एक छोटा अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर, आवाजाला ताकद देणारा भाग) असतो आणि त्याला गाडीकडून मिळतात जेमतेम तेरा-चौदा व्होल्ट. साधा स्पीकर ४ ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचं माप). आता इंजिन चालू आहे, पूर्ण १४.४ व्होल्ट मिळतायत आणि मधे काहीच वाया जात नाही असं जरी धरलं तरी स्वच्छ आवाजाचं गणित एका स्पीकरला २६ वॉटच्या आसपास संपतं, प्रत्यक्षात १८-२० वॉट मिळाले तरी खूप. मग "४ × ५० वॉट" कुठून आलं? तर व्हॉल्युम इतका पिळायचा की लहरीचं डोकं वर-खाली दोन्हीकडून छाटलं जाऊन ती पार चौकोनी होईल, तेव्हा १४.४ चा वर्ग भागिले ४ म्हणजे ५२ वॉट. म्हणजे आकडा खोटा नाही म्हणायला, फक्त तो फाटलेल्या आवाजाचा आहे, आणि ट्वीटर, म्हणजे बारीक सुरांचे छोटे स्पीकर, जळतात ते बहुतेक वेळा या असल्याच फाटलेल्या आवाजाने.

वेगळा अ‍ॅम्प घ्यायला गेलात तर अजून मजा. खोक्यावर १००० वॉट. तो डबा उलटा करा आणि फ्यूज बघा. २० अँपिअरचा फ्यूज असेल तर २० गुणिले १३.८, झाले २७६ वॉट, म्हणजे बॅटरीतून सलग आत येणार तेच एवढे, त्यातले जुन्या एबी क्लासच्या अ‍ॅम्पमधून साधारण निम्मे आवाज म्हणून बाहेर पडतात, डी क्लासचा असेल तर ८० टक्क्यांच्या आसपास, बाकीची उष्णता. २७६ आत जाऊन १००० बाहेर येत असतील तर वीज केंद्रं बंद करून हेच डबे लावायला हरकत नाही. बघायचा असतो तो आरएमएस आकडा, म्हणजे सलग मिळणारी पॉवर, बाकी पीक, मॅक्स, पीएमपीओ हे सगळं सजावटीचं सामान. गाडीच्या अ‍ॅम्पची पॉवर कशी मोजायची याचं २००३ पासून सीईए-२००६ (आता सीटीए-२००६) नावाचं स्टँडर्डसुद्धा आहे, १४.४ व्होल्ट, ४ ओहम, आवाजातली विकृती १ टक्क्याच्या आत, पण ते पाळलंच पाहिजे अशी सक्ती नाही, म्हणून खोक्यावर काहीही छापता येतं. तुमचे जे लोक गाड्यांची परीक्षणं लिहितात त्यांनी निदान एवढं विचारावं की आरएमएस किती आणि पुढच्या दारात स्पीकर कुठल्या साइजचा. बास.

बरं, आता बजेट कमी आहे म्हणजे पैसे कुठे आधी लावायचे हा प्रश्न, आणि माझं उत्तर ठरलेलं आहे, पुढच्या दोन दारांवर. मागे काही नको. आपण पुढे बसतो, कान पुढे, गाणारा समोर असल्यासारखा वाटला पाहिजे, पाठीमागून कोणी ओरडतंय असं नाही. म्हणून खर्चाच्या आधी एक फुकटचं काम, फेडर, म्हणजे पुढच्या-मागच्या आवाजाची वाटणी करणारं सेटिंग, पुढे सरकवा, मागचे स्पीकर अगदी बंद नका करू, मागे कोणी बसलं तर त्यांना ऐकू येईल इतके ठेवा. मग इक्वलायझर, म्हणजे खालचे-वरचे सूर कमी-जास्त करायचं सेटिंग. बहुतेक जण बेस शेवटपर्यंत आणि ट्रेबल शेवटपर्यंत करून ठेवतात आणि वर म्हणतात आवाज फाटतो. फाटणारच ना, बेस ३ डीबीने (डेसिबल, आवाजाचं माप) वाढवला की तेवढ्या भागाला दुप्पट पॉवर लागते, १० डीबीने वाढवला की दहापट, आणि आपल्याकडे आहेत वीस वॉट. वाढवण्यापेक्षा जे टोचतंय ते कमी करायचं, मग व्हॉल्युम वर नेता येतो. हाय पास फिल्टरचं, म्हणजे खालचे सूर अडवणारं, सेटिंग असेल तर ८० हर्ट्झवर लावून बघा, खालचा दणका थोडा जातो पण मधला आवाज एकदम मोकळा होतो, कारण छोट्या स्पीकरला जे झेपत नाही ते ओझं उतरतं. लाउडनेसचं बटण हळू आवाजासाठी असतं, हळू आवाजात आपल्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात म्हणून ते भरून काढायला, मोठ्या आवाजात ते बंद पाहिजे.

फोनकडे पण बघा जरा. गाण्याच्या अ‍ॅपमध्ये क्वालिटी "ऑटो" वर असते आणि रेंज गेली की ती गुपचूप खाली उतरते, ती हाय करा, फोनमधला इक्वलायझर बंद करा, एकावर एक दोन इक्वलायझर म्हणजे खिचडी. ब्लूटूथवर गाणं परत एकदा दाबून पाठवलं जातं, केबलने लावलं तर ते टळतं, फरक जमीन-अस्मानाचा नसतो पण असतो. आणि कुठून तरी उतरवलेली १२८ केबीपीएसची गाणी असतील तर नवीन स्पीकरवर ती आधीपेक्षा वाईट वाजतात, कारण आता त्यातले दोष पण स्पष्ट ऐकू येतात. हे मात्र कोणी विकणारा आधी सांगत नाही.

आता दार. यावर मी जरा रेंगाळणार आहे कारण सगळ्यात जास्त फायदा इथे आहे आणि सगळ्यात कमी लक्षही इथेच. स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. दोन्हीकडची हवा एकमेकींना भेटली की हिशोब मिटतो, खालचे सूर गायब. घरच्या स्पीकरला त्यासाठीच बंद खोकं असतं. गाडीत खोकं म्हणजे दार, आणि दाराच्या आतल्या पत्र्याला ही मोठी मोठी भोकं, काही नुसत्या प्लास्टिकच्या कागदाने झाकलेली, स्पीकर प्लास्टिकच्या लवचिक कड्यावर, कडं आणि पत्र्यामध्ये फट. अशा दारात कितीही महागडा स्पीकर लावा, बेस येणार नाही, पॅनल मात्र नाचेल.

त्यामुळे माझ्या मते कमी पैशातला पहिला खर्च म्हणजे ब्युटाइलची (एक प्रकारच्या रबराची) डॅम्पिंग शीट, वर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर असतो ती. ही शीट आवाज अडवत नाही, पत्र्याची थरथर मारते, म्हणून सगळा पत्रा मढवायची गरज नाही, बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूने साधारण पाव भाग झाकला तरी बराचसा परिणाम मिळतो, मुख्य म्हणजे स्पीकरच्या बरोबर मागे आणि जिथे टिचकी मारली की डबा वाजल्यासारखा आवाज येतो तिथे. धूळ-तेल पुसून, रोलरने घट्ट दाबून बसवायची, नाहीतर उन्हाळ्यात सुटते. डांबरी शीट स्वस्त पडते पण गरम झाली की वास मारते आणि घसरते, ती नकोच. मग आतल्या पत्र्याची भोकं बंद करायची, स्पीकरच्या कड्याखाली फोमची पट्टी, स्पीकरच्या पुढच्या बाजूलाही फोमचं रिंगण, म्हणजे आवाज पॅनलच्या पोटात न फिरता जाळीतून बाहेर येतो. आतल्या सुट्या वायरी, लॉकचे रॉड यांना पट्टी गुंडाळा, निम्मी खरखर तिथली असते. दाराच्या तळाला पाणी जायची भोकं असतात ती अजिबात बुजवू नका, काचेवरून पाणी आत येतंच, ते अडलं की दार आतून गंजतं. याच कारणाने अडॅप्टर रिंग (स्पीकर दारावर बसवायचं कडं) एमडीएफची, म्हणजे लाकडी भुशाच्या दाबलेल्या बोर्डाची, नको, पाणी पिऊन फुगते, प्लास्टिकची घ्या नाहीतर चांगला रंग दिलेल्या प्लायची.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने घ्या. काही गाड्यांमध्ये बाजूने धडक बसली हे ओळखायला दारातच हवेच्या दाबाचा सेन्सर असतो, तशा गाडीत आतल्या पत्र्याची रचना आहे तशीच राहू द्यायची, नवीन भोक पाडायचं नाही आणि असलेलं बुजवायचं नाही. आपल्या गाडीत आहे की नाही हे सर्व्हिसवाल्याकडून आधी कळून घ्या. सीटखाली पिवळे कपलर दिसले तर ते एअरबॅगचे, त्यांना हात लावायचा नाही.

शीटनंतर स्पीकर. बऱ्याच गाड्यांत पुढे साडेसहा इंची बसतो, पण खोली मोजून घ्या, काच पूर्ण खाली केल्यावर मॅग्नेटला लागते का ते बघा. स्टिरिओ कंपनीचाच ठेवणार असाल तर वॉट नाही, सेन्सिटिव्हिटी बघायची. १ वॉटला १ मीटरवर किती डीबी. ८८ च्या ऐवजी ९१ वाला घेतला तर निम्म्या पॉवरमध्ये तेवढाच आवाज, म्हणजे आपले वीस वॉट चाळीसचं काम करतात, एक पैसा जास्त न देता. यातही चलाखी आहे, कुठे कुठे आकडा १ वॉटचा नसून २.८३ व्होल्टचा असतो, ४ ओहमच्या स्पीकरला तेवढ्या व्होल्टला २ वॉट जातात, झाले ३ डीबी फुकटचे. बारीक अक्षर वाचा. कोअ‍ॅक्सियल (ट्वीटर स्पीकरच्या मधोमधच) घ्यायचा की कंपोनंट (ट्वीटर वेगळा)? ट्वीटर वर आरशाजवळ बसवायची जागा मूळचीच असेल तर कंपोनंट, आवाज गुडघ्यापासून डोळ्यांच्या उंचीला येतो, नसेल तर कोअ‍ॅक्सियल बरा, डॅशबोर्डला भोकं पाडत बसू नका.

वायर कापू देऊ नका. बहुतेक गाड्यांसाठी कपलर (तयार जोडणी) मिळतो, तो लावला की वॉरंटीच्या वेळी वायरिंग छेडलं म्हणून वाद व्हायची शक्यता कमी होते. प्लस-मायनस दोन्ही दारांत सारखंच पाहिजे, एकात उलट झालं की दोन्ही स्पीकर चांगले असून बेस नाहीसा होतो आणि गाणारा मधे न वाटता कुठेतरी पसरलेला वाटतो. तपासायचं असेल तर स्पीकर बसवण्याआधी त्याला दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर लावा, पडदा बाहेर आला की सेलचा प्लस जिथे तो स्पीकरचा प्लस. आणि गाडीत कंपनीचा वेगळा अ‍ॅम्प असेल तर जुना स्पीकर किती ओहमचा हे मॅग्नेटवर वाचा, काही कंपन्या २ ओहमचे वापरतात, त्याजागी ४ ओहमचा लावला की पॉवर निम्मी होते आणि माणूस म्हणतो नवीन स्पीकर भिकार आहे. मल्टिमीटरला ४ ओहमचा स्पीकर साधारण साडेतीनच्या आसपास दाखवतो, त्याने घाबरू नका.

स्टिरिओ बदलायचा का? आताच्या गाड्यांत नको. स्क्रीनला एसी, रिव्हर्स कॅमेरा, स्टिअरिंगची बटणं, गाडीची सगळी सेटिंग जोडलेली, ते उपटलं की खर्च वाढतच जातो. जुन्या गाडीत साधा एक डिन किंवा दोन डिनचा (ठरलेल्या मापाच्या खाचेत बसणारा) डबा असेल तर मात्र बदलायला सोपा, आणि त्यात टाइम अलाइनमेंट (जवळच्या स्पीकरचा आवाज किंचित उशिरा सोडून सगळे आवाज एकदम कानाशी पोचवणारी सोय) आणि हाय पास मिळाला तर फायदा मोठा.

सबवूफर, म्हणजे फक्त खालच्या सुरांचा स्पीकर, शेवटी, पैसे साठल्यावर. रस्त्याचा आणि टायरचा आवाज बहुतेक खालच्या सुरांचा असतो, तो गाण्यातला बेस झाकतो, म्हणून उभ्या गाडीत छान वाटलेलं सेटिंग हायवेला पोकळ वाटतं. त्यासाठी सीटखालचा छोटा, अ‍ॅम्प आतच असलेला सबसुद्धा पुरतो, स्पीकरच्याच वायरीवरून सिग्नल घेणारा, म्हणजे हाय लेव्हल इनपुट असलेला बघा. काच थडथडवायची तर तो पुरणार नाही, पण डग्गा डग्ग्यासारखा वाजायला पुरतो. बॅटरीपासून येणारी वायर पूर्ण तांब्याची घ्या, स्वस्तात मिळते ती बहुधा अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असते, त्याच जाडीत कमी करंट नेते. फ्यूज बॅटरीजवळच पाहिजे, दीड फुटाच्या आत, सबजवळ लावून उपयोग नाही, कारण वायर मधेच कुठे घासून पत्र्याला लागली तर आग लागते ती तिथे. अर्थिंग रंग खरवडून थेट पत्र्याला, नाहीतर इंजिनच्या आरपीएमबरोबर कुईंss असा आवाज चढत जातो. सबच्या मागचं गेनचं बटण म्हणजे व्हॉल्युम नाही, ते स्टिरिओच्या सिग्नलशी सब जुळवून घ्यायला असतं, ते पूर्ण फिरवून ठेवणारे मेकॅनिक मी बघितलेत.

आणि काढलेले कंपनीचे स्पीकर भंगारात देऊ नका. गाडी विकताना ते परत आपल्या कपलरवर बसतात आणि नवीन जोडी पुढच्या गाडीत नेता येते, फक्त अडॅप्टर रिंग तेवढी नवीन लागते.

आपला,
एक नियमित वाचक