सोळाव्या दिवसापासून काय?

महोदय,

सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला 5 लाखांपर्यंत मोफत उपचार देणारं ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड ऑक्टोबर 2024 मध्ये आलं. चांगलंच झालं. पण सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे आणि काउंटरच्या अलीकडून या कार्डाची दुसरी बाजू रोज दिसते. कार्ड चालतं ते दवाखान्यात भरती झाल्यावर. भरतीआधीचे 3 दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे 15 दिवस औषधं त्यात बसतात. सोळाव्या दिवशी पेशंट माझ्याकडे येतो.

येतो आणि म्हणतो, “पाचच गोळ्या द्या.” मग कात्रीने स्ट्रिप कापायची. मुदतीची तारीख छापलेला तुकडा बहुतेक वेळा आमच्याकडेच राहतो. श्रावणबाळ पेन्शनचे दीड हजार लांबले की घरात पहिली कात्री लागते ती बीपीच्या गोळीला, कारण ती बंद केली तरी लगेच काही दुखत नाही. “बरं वाटतंय, म्हणून दिवसाआड घेते,” असं सांगणाऱ्या आजींना मी किती वेळा रागावलोय! पुढे लकवा मारला की मात्र कार्ड चालतं. दोन-तीन रुपयांची बीपीची गोळी अ‍ॅम्लोडिपिन योजनेत बसत नाही, आयसीयू बसतं. हा हिशेब कुठल्या वाण्यालाही पटणार नाही.

सरकारी आरोग्य केंद्रात या गोळ्या फुकट मिळतात, हे मी स्वतःच गिऱ्हाइकांना सांगतो. देशात 2017 साली उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला, त्याच्या पहिल्या जिल्ह्यांत आपला सातारा होता. पण साठा असला तर महिन्याच्या गोळ्या, नसला तर आठ-दहा दिवसांच्या, आणि कधी “पुढच्या आठवड्यात या”. पंच्याहत्तरीपुढे एसटी फुकट आहे खरी, पण डोंगरातल्या वाडीवरून एसटीच्या थांब्यापर्यंत गुडघे धरत उतरावं लागतंच.

तमिळनाडूने ऑगस्ट 2021 पासून बीपी-शुगरच्या गोळ्या घरपोच द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे आशाताई तिशीपुढच्यांचे आरोग्य तपासणीचे फॉर्म भरायला दारोदार जातातच. ज्यांचं बीपी आटोक्यात आहे, अशा म्हाताऱ्यांना त्यांच्याच हस्ते तीन महिन्यांच्या गोळ्या पोहोचवाव्यात आणि दारातच बीपी मोजावं. त्याचा मोबदला मात्र आशांना वेगळा द्या. त्यांच्या गळ्यात आधीच पुष्कळ कामं आहेत. यात माझंच गिऱ्हाईक कमी होईल. होऊ दे, अर्ध्या स्ट्रिपवर कुणाचा बंगला उभा राहत नाही.

तोवर जिल्हा परिषदेने निदान एवढं करावं: प्रत्येक उपकेंद्राबाहेर फळा लावून आज कोणत्या गोळ्या आहेत आणि किती दिवसांच्या मिळतील, ते लिहावं. वाडीवरून कुणीही उपकेंद्राच्या गावातल्या ओळखीच्याला फोन करून विचारू शकेल आणि म्हाताऱ्या माणसाची खेप वाचेल.

– एक औषधविक्रेता, जि. सातारा