काडेपेटीच्या बदल्यात जोंधळा

प्रिय मित्रा,

का बे, कसा आहेस? त्या दिवशी फोनवर तू विचारलंस की अडचणीच्या वेळी अदलाबदलीला म्हणून हे काडेपेट्या-साबण असलं घरात भरून ठेवायचं काय काढलंस, आणि मला नीट सांगताच आलं नाही, कारखान्यात शिफ्ट बदलायची वेळ होती आणि मागे लूमचा आवाज. आज सुट्टी आहे म्हणून निवांत लिहितोय, पूर्ण वाच.

2025 च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला ते तुला माहितीये. माझी सासुरवाडी मोहोळ तालुक्यात, नदीपासून जवळच. लांबोटीपाशी हायवे बंद होता, तो सुरू झाल्यावर मी गेलो, सोबत कारखान्यातल्या सेकंडच्या मालातल्या चार चादरी, टॉवेल, मेणबत्त्या आणि काडेपेट्यांचा एक पुडा. गावात लाईट नाही, टॉवर बंद, मोबाईल म्हणजे नुसता खिशातला दगड. दुकानदाराच्या अर्ध्या गोण्या भिजलेल्या आणि दारात माणसं उभी, कुणाकडे पैसे नव्हते असं नाही बरं का, पण पाचशेची नोट आणि मागायचं काय तर मिठाचा पुडा, सुट्टे आणायचे कुठून आणि फोनवरून पैसे पाठवायचे तर नेटच नाही.

संध्याकाळी गल्लीतली एक म्हातारी आली. तिच्या घरातल्या सगळ्या काडेपेट्या सर्दावलेल्या, काडी ओढली की गुल निघून पेटीलाच चिकटायचं. सासूबाईंनी तिला दोन काडेपेट्या दिल्या. ती गेली आणि थोड्या वेळानं परत आली ती पदरात जोंधळा घेऊन, माळ्यावर ठेवलेला म्हणून तेवढा कोरडा राहिलेला. सासूबाई नको नको म्हणत होत्या तरी तिनं सुपात ओतलाच. दोन काडेपेट्यांचे किती रुपये आणि जोंधळ्याचे किती हा हिशोब कुणीच केला नाही. त्या रात्रीच्या भाकरी त्याच जोंधळ्याच्या होत्या मित्रा, आणि तिच्याही घरी चूल पेटली असणार. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

आपल्या आज्या बहात्तरच्या दुष्काळाचं सांगायच्या ते आठवतं का, खडी फोडायला जायचे, सुकडी मिळायची, रेशनला ती लाल मिलो ज्वारी यायची. पण माझ्या आजीला खरं दुःख होतं ते तांब्याच्या हंड्याचं. माहेरहून आलेला एवढा मोठा हंडा तिनं दोन पायली ज्वारीला दिला, कारण सगळी गल्लीच भांडी घेऊन उभी होती, मग समोरचा देईल तोच भाव. हंडा काही अर्धा कापून देता येत नाही. सोन्याचंही तेच, अडीअडचणीला सोनं म्हणतात ते खरं, पण सोनार उघडा असेल तर. पोटाला भाकरी हवी तेव्हा अंगठी मोडून सुट्टे कोण देणार? म्हणून माझं मत असं झालंय की ठेवायचं ते लहान, स्वस्त, न नासणारं आणि प्रत्येकाला रोज लागणारं.

मी काय ठेवलंय सांगतो. काडेपेट्या, पण घट्ट झाकणाच्या बरणीत. खडे मीठ, ते वर्षानुवर्षं टिकतं. अंगाचा आणि कपड्याचा साबण. चहापत्ती आणि साखर, आणि चहाची मोठी पाकिटं नाही घेतली, पाच-दहा रुपयांचे छोटे पुडे घेतले, म्हणजे देताना सोडायला नको, तेच सुट्टे पैसे समज. टॉर्चचे सेल, सुई-दोरा, नायलॉनची दोरी, ओआरएसची पाकिटं, बायकोनं सांगितलं म्हणून सॅनिटरी पॅड, आणि तिचं बरोबर होतं, पुरात बायकांनी सगळ्यात आधी तेच विचारलं होतं. शिवाय चादरी. आपल्या सोलापुरात चादरीचं कुणाला कौतुक नाही, पण ओल्या घरात एका कोरड्या चादरीला काय किंमत असते ते मी बघून आलोय. खायला म्हणशील तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी, गॅस नसला तरी पोट भरतं.

तंबाखूचं मात्र माझं ठरत नव्हतं. बोस्नियातल्या साराजेवो शहराला 1992 ते 1996 युद्धात वेढा होता तेव्हा तिथं सिगारेट नोटेसारखी चालायची असं वाचलं, म्हणजे चालते हे खरं. पण वडील तोंडाच्या कॅन्सरनं गेले, मी नाही ठेवणार. अर्जेंटिनाचंही वाचलं, 2001 च्या डिसेंबरात तिथं बँकेतून आठवड्याला 250 पेसोच (पेसो म्हणजे तिथलं चलन) काढता यायचे, मग लोकांनी अदलाबदलीचे क्लब चालवले, पण त्यांनी आपसात कागदी कुपनं काढली, त्यांची खोटी छापली गेली आणि सगळं बसलं. कागदावर विश्वास गेला, साबणाच्या वडीचं तसं होत नाही.

आणि हे काही परदेशातून शिकायला नको रे. बलुतं काय होतं? बोहारीण अजून जुन्या साड्यांवर भांडी देतेच की. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसाआड पाणी, त्यामुळे पिंप भरून ठेवायची सवय सगळ्यांनाच, आणि कुणाची टाकी रिकामी राहिली तर शेजारी दोन घागरी देतो, पुढच्या वेळी फिटतात. लॉकडाऊनमध्येही गल्लीत हेच चाललं होतं, आमचं पीठ, त्यांचं दूध.

एकदम पोती भरू नको, ती साठेबाजी झाली आणि दुसऱ्याच्या तोंडचं जातं. दर महिन्याच्या किराण्यात दोन-तीन वस्तू जादा घे, नवीन मागे ठेव, जुनं आधी वापर. पेट्रोल-रॉकेल घरात अजिबात नको, तुझा तर अकरावा मजला. औषधांच्या तारखा बघत जा. आणि काय काय ठेवलंय ते सगळ्या सोसायटीला सांगत बसू नको, पण शेजारच्या दोन घरांशी आत्तापासून देणंघेणं ठेव, वाटीभर साखरेचं का होईना. अनोळखी माणसाशी अडचणीत अदलाबदल करायची म्हणजे भीतीच वाटते, त्या म्हातारीला सासूबाई चाळीस वर्षं ओळखत होत्या म्हणून ते सगळं इतकं सहज झालं.

जानेवारीत गड्ड्याला, सिद्धेश्वरच्या जत्रेला, येतोयस ना? येताना पुण्यातून चांगल्यातले चार्जिंगचे सेल आण दहा-बारा, इथं मला मनासारखे मिळाले नाहीत. तुझ्यासाठी दोन डबल चादरी आणि शेंगाचटणीचा डबा बाजूला काढून ठेवलाय.

तुझाच,
मित्र